आधी कान, मग फोन : न दिसणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या आईचा पहिला स्मार्टफोन

प्रश्न थोडक्यात असा : आईंचं वय ६३. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे नजर पूर्ण गेली आहे, दोन्ही कानांना मशीन आहे, मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. त्या आणि वडील गावी राहतात, मुलगा पुण्यात. जुन्या बटणांच्या फोनवर आता नीट ऐकू येत नाही, म्हणून स्मार्टफोन घ्यायचा आहे. कोणता घ्यावा, कसा लावून द्यावा, आणि त्यांना तो जमेल का?

जमेल. दृष्टिहीन प्रौढांना फोन शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यातून एवढं नक्की सांगतो. वयामुळे किंवा शिक्षणामुळे अडलेली माणसं थोडी असतात. बहुतेक जण अडतात ते फोन काय बोलतोय हे नीट कळत नाही म्हणून, आणि घरच्यांना वाटतं की त्यांना टचस्क्रीन जमत नाही. अंध व्यक्तीच्या फोनबद्दल जी माहिती मिळते ती सगळी कान उत्तम आहेत असं धरून लिहिलेली असते. तुमच्या आईंच्या बाबतीत ते खरं नाही. म्हणून क्रम बदला : आधी आवाज पोचवा, मग बाकीचं.

दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी हातात हव्यात : कानांच्या तपासणीचा ताजा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, आणि मशीनचं नेमकं मॉडेल. मशीनमध्ये ब्लूटूथ आहे म्हणजे ते कुठल्याही फोनला जोडलं जाईल असं नाही. काही मशीन आयफोनसाठीच बनवलेली असतात. काही अँड्रॉइडच्या ‘आशा’ नावाच्या पद्धतीने जोडली जातात; ती अँड्रॉइड १० पासून आहे, पण सगळ्या कंपन्यांनी ती आपल्या फोनमध्ये घेतलेली नाही. काही नव्या मशीनमध्ये एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत असते, आणि काही मशीन साध्या ब्लूटूथ हेडफोनसारखी कुठल्याही फोनला लागतात. सरकारी योजनेतून मिळालेलं मशीन असेल तर बहुधा यातलं काहीच नसतं. तेव्हा मशीन सोबत घेऊन दुकानात जा, जोडून बघा आणि मगच पैसे द्या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

फोन कोणता? मी अशा वेळी बाजूला फिंगरप्रिंट असलेला, ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक असलेला, ६ जीबी किंवा जास्त रॅमचा आणि जाहिरातींचा भडिमार नसलेला अँड्रॉइड सुचवतो. रॅमवर काटकसर करू नका. फोन मंद असला की बोट लावल्यावर उत्तर उशिरा येतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. लॉकस्क्रीनवर रोज नवी चित्रं आणि बातम्या दाखवणारे फोन टाळा. आयफोनमध्येही मराठी बोलणारा आवाज आहे, त्याचं कंपन फार स्पष्ट असतं, आणि प्रत्येक नंबराला वेगळं कंपन देता येतं. आईंचं मशीन त्याच्यासाठीच बनलेलं असेल आणि खर्च झेपत असेल तर तो जरूर घ्या. खाली जे सांगतो ते अँड्रॉइडबद्दल आहे.

हेडफोन जॅकचा आग्रह का, ते सांगतो. ब्लूटूथमध्ये आवाज थांबला की जोडणी क्षणभर झोपते आणि पुन्हा जागी होताना पहिलं अक्षर गिळते. गाण्यात ते कळतही नाही. पण टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, तुटक एकेक शब्द बोलतो. ‘संदेश’ चा ‘देश’ होतो, ‘बंद’ चं नुसतं ‘द’ ऐकू येतं. ज्याचे कान चांगले आहेत तो अंदाजाने भरून काढतो. आईंना ते जमणार नाही. म्हणून शिकण्याच्या काळात वायरचा, कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन मशीनवरूनच लावून बघा. मशीनचा माइक कानाच्या वरच्या बाजूला असतो, तो कपाखाली आला पाहिजे. शिट्टी वाजली तर कप थोडा सरकवा. मशीनमध्ये टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय लहरींतून थेट आवाज घेणारी तारेची गुंडाळी, असेल तर फोनच्या जॅकला जोडून गळ्यात घालायचा लूप हा फार चांगला उपाय आहे. ऑडिऑलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाला, टेलिकॉइल सुरू करून द्यायला सांगावं लागतं, ते आपण होऊन करतीलच असं नाही. हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन सरसकट घेऊ नका. बाहेरच्या किंवा मधल्या कानाचा दोष असेल तर ते उपयोगी पडतात. आतल्या कानाच्या नसेचा दोष असेल तर फायदा मर्यादित.

आता आवाज. फोनची भाषा मराठी ठेवा आणि मराठी आवाजाचं पॅकेज वाय-फायवर डाउनलोड करून घ्या, नाहीतर नेट गेल्यावर तो बोलायचा थांबू शकतो. मग सेटिंगमध्ये उपलब्ध असलेले आवाज आईंना एकेक करून ऐकवा. कानाच्या नसेचं नुकसान झालेल्या बहुतेकांना उंच पट्टीतलं कमी ऐकू येतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, ख, थ यांच्यातली सळसळ वरच्या पट्टीत असते, ती हरवते. म्हणूनच त्या म्हणत असतील की आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा वेळी आवाज मोठा करून उपयोग होत नाही. पट्टी खाली आणा, पुरुषी आवाज ऐकवून बघा. वेग थोडा कमी करा, पण फार नको. शब्द ओढले गेले की तेही कळत नाहीत. ईस्पीक नावाचं मजकूर बोलून दाखवणारं एक फुकट इंजिन आहे, त्यातही मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आणि रुक्ष, पण व्यंजनं टोकदार. आपल्या कानाला तो नकोसा वाटतो, म्हणून आपण तो आईंसाठीही नाकारतो, हे मात्र करू नका. निवड त्यांची.

परीक्षा घेताना ‘कळतंय का?’ असं विचारू नका. आया ‘हो’ म्हणतात. फोनने बोललेलं परत म्हणून दाखवायला सांगा. सात, साठ, आठ, साडेआठ, एकोणतीस, एकोणचाळीस, पन्नास, बावन्न, आणि घरातली दहाबारा नावं. जो आवाज त्यांना ही यादी सर्वांत कमी चुकांसह परत म्हणू देतो तो त्यांचा आवाज. या कामाला अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्या. पुढचे सगळे दिवस त्या याच आवाजाच्या भरवशावर राहणार आहेत.

सोबत मोनो ऑडिओ सुरू करा, म्हणजे दोन्ही कानांना सारखंच येईल. एक कान जास्त चांगला असेल तर तोल त्या बाजूला सरकवा. टॉकबॅक बोलताना बाकीचे आवाज आपोआप खाली येतील असं सेटिंग आहे, तेही लावा. आणि हे लक्षात ठेवा की टॉकबॅकचा, कॉलचा आणि रिंगचा आवाज वेगवेगळे असतात. कॉल चालू असताना बटण दाबलं की कॉलचा वाढतो, टॉकबॅक बोलत असताना दाबलं की त्याचा. हे आईंना पहिल्या आठवड्यात समजलं पाहिजे, नाहीतर ‘फोनचा आवाज गेला’ अशी तक्रार येत राहील.

टॉकबॅक सुरू करायला फोन पहिल्यांदा चालू होतो त्या पानावर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून धरायची. पुढेही हाच शॉर्टकट चालू ठेवा, बंद पडलं तर त्या स्वतः चालू करू शकतील. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची बडबड कमी करा. ‘सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा’ हे प्रत्येक बटणानंतर ऐकणं सुरुवातीला बरं वाटतं, पण कष्टाने ऐकणाऱ्या माणसाला प्रत्येक जादा शब्द थकवतो. कंपन मात्र सगळीकडे चालू आणि शक्य तितकं जोरदार ठेवा. बोट एका चिन्हावरून दुसऱ्यावर गेलं की बारीक कंप येतो, आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना तो फार आधार वाटतो. खालची पट्टी तीन बटणांची ठेवा, जेश्चरची नको. टॉकबॅक चालू असताना जेश्चरच्या खुणा दोन बोटांनी कराव्या लागतात, त्याचा नवख्या हाताला जाच होतो.

होमस्क्रीन रिकामी करा. चार कोपरे बोटाला आपोआप सापडतात, म्हणून महत्त्वाची चार चिन्हं चार कोपऱ्यांत : फोन, व्हॉट्सॲप, घड्याळ, आणि चौथं त्या सांगतील ते. नवं ॲप आपोआप होमस्क्रीनवर येणं बंद करा आणि मांडणी लॉक करा. स्क्रीन फिरणं बंद, जाहिरातींची नोटिफिकेशनं बंद. जाहिरातींचे कॉल थांबवायला १९०९ वर डीएनडीची नोंद करून टाका. हे सगळं आई शेजारी बसलेल्या असताना करा, काय करताय ते सांगत करा. तयार फोन हातात ठेवला की तो मुलाचा फोन वाटतो, आणि बिघडेल म्हणून त्याला हात लावला जात नाही.

सिम लगेच नव्या फोनमध्ये टाकू नका. जुना फोन चालतोय तोवर रोजचे कॉल त्यावरच राहू देत, नवा वाय-फायवर किंवा वेगळ्या सिमवर चालवा. ज्या दिवशी त्या न विचारता कॉल उचलतील आणि ठेवतील त्या दिवशी सिम बदला.

शिकवण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण प्रेमाची माणसंच इथे घाई करतात. त्यांचं बोट धरून स्क्रीनवर नेऊ नका. तुमचा हात खाली ठेवा, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवा, आणि खूण तुम्ही करा. त्यांना ती हाताखालून कळते. बधिरांध, म्हणजे नजर आणि कान दोन्हींचा दोष असलेल्या, मुलांच्या शाळांतली ही पद्धत आहे, मोठ्यांनाही तितकीच लागू पडते. बोट पकडून नेलं की माणूस हात सैल सोडून देतो आणि शिकायचा थांबतो.

दुसरा नियम : एका वेळी एकानेच बोलायचं, फोनने किंवा तुम्ही. टॉकबॅक बोलत असताना तुम्हीही बोललात तर त्यांना दोन्ही कळत नाही. दोन बोटांनी एक टॅप केला की टॉकबॅक गप्प होतं. ही खूण सर्वांत आधी शिकवा. तुम्हाला काही सांगायचं असेल तर आधी मनगटावर हलकेच टॅप करा, त्या फोनला गप्प करतील, मग बोला.

पहिल्या दिवशी फक्त स्क्रीनवर सावकाश बोट फिरवून काय काय आहे ते ऐकणं. दुसरं काही नाही. मग डबल टॅप. इथे एक गैरसमज हमखास होतो : लोक चिन्ह सापडलं की त्याच जागी डबल टॅप करायला जातात, बोट उचललं की जागा चुकते, आणि चिडतात. एकदा चिन्हाचं नाव ऐकलं की डबल टॅप स्क्रीनवर कुठेही चालतो. हे दहा वेळा सांगावं लागलं तर दहा वेळा सांगा. नंतर उजवीकडे-डावीकडे स्वाइप. पोळपाटावरचं पीठ एका बोटाने झटकावं तसं ते झटकन व्हायला हवं. सावकाश ओढलं तर फोनला वाटतं बोट फिरवून बघताय. एवढ्या तीन खुणांवर निम्मं काम होतं. मागे जाणं आणि होम तळाच्या बटणांनी होतंच. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये सरावाचं पान आहे, तिथे केलेली खूण फोन बोलून सांगतो आणि काही बिघडत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. ऐकण्याचा ताण दिसत नाही, पण तो असतो. डोकं दुखायला लागलं की थांबा.

कॉलसाठी एक खूण : दोन बोटांनी डबल टॅप. त्यानेच उचलायचा, त्यानेच ठेवायचा. ठेवण्यासाठी पॉवर बटण वापरायचं सेटिंगही ॲक्सेसिबिलिटीत आहे. रिंगटोन जाड, खालच्या सुरातली निवडा आणि तिचा आवाज थोडा कमीच ठेवा, नाहीतर कोणाचा फोन आहे हे टॉकबॅक सांगतं ते रिंगखाली बुडतं. कळण्यासाठी भरवसा कंपनावर ठेवा. फोन गळ्यातल्या पिशवीत असू दे, किंवा कॉल आला की थरथरणारा साधा मनगटी बँड घ्या. फोरजी कॉलिंग (व्होल्टी) चालू आहे का तेही बघा. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. फोरजी कॉल दोन्ही बाजूंना असेल तर जवळपास ७००० पर्यंत पोचतं. स आणि श तिथेच असतात. चांगल्या कानाला हा फरक किरकोळ वाटेल, आईंना वाटणार नाही.

नंबर सेव्ह करताना नावं देवनागरीत लिहा. रोमन लिपीतली मराठी नावं मराठी आवाज वेडीवाकडी वाचतो. आणि यादीत संगीता, सुनीता, सुजाता अशा तिघी असतील तर ‘स’ न ऐकू येणाऱ्या कानाला तिघी एकच आहेत. पुढे वेगळा शब्द जोडा : ‘कोल्हापूर संगीता’, ‘डॉक्टर सुनीता’, ‘मोठी जाऊ सुजाता’. नाव सुरू होतानाच कळलं पाहिजे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. घरच्यांना वाटतं की दिसत नाही म्हणजे आवाजी मेसेज पाठवावा. पण आईंच्या कानाला सर्वांत स्पष्ट कळणारा आवाज आता कोणाचा आहे? तुम्ही दुपार घालवून निवडलेला, त्यांच्या कानाला बसलेला टॉकबॅकचा आवाज. तुम्ही रस्त्यावरून, वाहनांच्या गोंगाटात बोललेला मेसेज त्यांना निम्मा कळेल. तुम्ही टाइप केलेला मेसेज पूर्ण कळेल, आणि हव्या तितक्या वेळा ऐकता येईल. अट एकच, देवनागरीत लिहा. ‘Aai jevlis ka’ हे मराठी आवाज जसं वाचतो ते ऐकून बघा, पुन्हा तसं पाठवणार नाही. नातवंडांना, भावंडांना, शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा. वाक्य लहान ठेवा, इमोजींची माळ लावू नका. प्रत्येक इमोजीचं नाव टॉकबॅक वाचत बसतं. आईंनी उत्तर द्यायला कीबोर्डवरचा माइक आहेच, त्याला मराठी चांगलं कळतं. त्यांना आवाज पाठवायचा असेल तर माइकच्या बटणावर डबल टॅप करून दुसऱ्या वेळी बोट न उचलता दाबून धरायचं.

बँक आणि यूपीआय पहिल्या महिन्यात नको. पुढे जेव्हा सुरू कराल तेव्हा ओटीपीची अडचण येईल : ‘८४५२१३’ हा आकडा फोन आठ लाख पंचेचाळीस हजार असा वाचू शकतो. टॉकबॅकमध्ये वाचनाचा पर्याय ‘अक्षरं’ वर आणून एकेक आकडा ऐकायला शिकवा. टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन काळी ठेवायची सोय आहे. चारचौघांत पिन टाकताना ती वापरायची आणि हेडफोन लावायचा. फसवणूक झालीच तर १९३०, हा नंबर सेव्ह करून ठेवा. केवायसीत डोळे मिचकवायला सांगणाऱ्या ॲपपुढे त्या अडकतील. त्या वेळी लाजून माघार घेऊ नका : ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे आणि केवायसी अपंग व्यक्तींनाही करता येईल अशी करायला सांगितलं आहे. शाखेत जाऊन तसं म्हणा.

एक ॲप मात्र सुरुवातीलाच टाका : रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’, नोट ओळखणारं. ते १ जानेवारी २०२० ला आलं, नेटशिवाय चालतं, आणि नोट किती रुपयांची हे बोलण्याबरोबर कंपनानेही सांगू शकतं. कंपनाची ही सोय न दिसणाऱ्या आणि न ऐकू येणाऱ्यांसाठीच ठेवलेली आहे. भाजीवाल्याने दिलेली नोट स्वतः ओळखता येणं ही आईंसाठी लहान गोष्ट नसेल.

तुम्ही पुण्याहून मदत करणार, तेव्हा बोलायचा कॉल जुन्या फोनवर किंवा वडिलांच्या फोनवर करा. नव्या फोनवर व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन शेअर करता येते, पण टॉकबॅकचं बोलणं आणि तुमचं बोलणं त्याच कानात एकमेकांवर येतं. त्या फोनवर फक्त स्क्रीन बघा, बोला दुसऱ्यावर. वडिलांनाही टॉकबॅकच्या तीन खुणा शिकवून ठेवा, नाहीतर मदत करायला म्हणून ते आधी टॉकबॅकच बंद करतील.

शेवटचा मुद्दा टाळावासा वाटतो, पण टाळू नका. नजर आणि कान दोन्ही एकत्र गेले असतील तर डॉक्टरांना अशर सिंड्रोमबद्दल, म्हणजे दोन्हींवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, विचारा, आणि ऐकू येणं पुढे किती टिकेल हेही. ते कमी होत जाणार असेल तर आताच, ऐकू येतंय तोवर, भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, शिकायला सुरुवात व्हायला हवी. स्क्रीनवरचा मजकूर वरखाली होणाऱ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या यंत्राला, ब्रेल डिस्प्लेला, टॉकबॅक जोडता येतं. म्हणजे आज शिकलेला हाच फोन उद्या बोटांनी वाचता येईल. यासाठी मुंबईत भायखळा आणि नवी मुंबई इथे हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड आहे, कानांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये बधिरांधत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे. आईंचं यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, फक्त अंधत्वाचं निघालेलं असेल तर ऑडिओग्राम लावून त्यात दुरुस्ती करून घ्या. पुढे मशीन असो की ब्रेल डिस्प्ले, योजनेचा अर्ज करताना ते कार्डच मागतात.